चारशेला अडकलेला काटा: ‘एलिट डेंजरस’मधल्या यानप्रवासाचा हिशेब

वेगाचा काटा सेकंदाला ४०० मीटरवर जाऊन अडतो आणि भांडण तिथूनच सुरू होतं. अवकाशात हवा नाही, घर्षण नाही, इंजिन तर पेटलेलं आहे. मग यान आणखी वेग का घेत नाही? एक गट म्हणतो, न्यूटनला गुंडाळून ठेवलंय. दुसरा म्हणतो, अरे हा गेम आहे, खेळा आणि झोपा. तिसरा गट कागद-पेन्सिल घेऊन गेमची वकिली करायला बसतो.

गेम म्हणजे ‘एलिट डेंजरस’. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने तो १६ डिसेंबर २०१४ ला बाजारात आणला. त्यात आपली आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केली आहे, सुमारे ४०० अब्ज तारकासंस्थांसकट. गेममधलं वर्ष म्हणजे आपल्या चालू वर्षात १२८६ मिळवायचे. एवढा पसारा खऱ्या अंतरांनी मांडल्यावर त्यातून यान फिरवायचं कसं, हा प्रश्न येणारच होता. इतर गेममध्ये नकाशाच लहान असतो, त्यामुळे कोणी फारसं विचारत नाही.

या वादात तीन वेगळे प्रश्न एकाच ताटात कालवले जातात. हे निसर्गनियमांत बसतं का? गेम स्वतःचे नियम तरी पाळतो का? आणि खेळायला बरं वाटतं का? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं असतं आणि तिथे बोलणंच खुंटतं. दुसरा प्रश्न जास्त रसाचा. विज्ञानकथेला एखादी थाप माफ असते. पण त्या थापेचं व्याज कुठे कुठे भरावं लागतं, हे आकड्यांत मोजता येतं. म्हणून एकच यान घेऊ आणि स्थानकापासून दुसऱ्या ताऱ्यापर्यंत त्याच्या मागे जाऊ. यान कोब्रा मार्क ३: सांगाडा १८० टन, लांबी सुमारे २७ मीटर, रुंदी ४४ मीटर, टाकीत १६ टन इंधन. यंत्रं, माल आणि इंधन धरून वजन २५० टन समजू.

स्थानकातून बाहेर

सुरुवात चांगली होते, कारण स्थानकाबद्दल भांडण जवळजवळ नाहीच. मोठी स्थानकं स्वतःभोवती फिरतात आणि आतल्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला वजन जाणवतं. याला थाप लागत नाही. गोफण फिरवताना दगड बाहेर ओढ घेतो, तोच हिशेब. ५०० मीटर त्रिज्येचं स्थानक ४५ सेकंदांत एक फेरी मारत असेल तर कडेला पृथ्वीइतकं वजन वाटेल. मधल्या अक्षाजवळ ते जवळजवळ शून्य असतं, आणि यानं आत-बाहेर करायची खाच नेमकी तिथेच ठेवली आहे. खेळाडू त्या खाचेला ‘मेल स्लॉट’ म्हणतात, टपालपेटीच्या तोंडासारखी दिसते म्हणून.

आत शिरताना ७.५ किलोमीटरच्या आत येऊन परवानगी मागायची, वेग १०० मीटर प्रति सेकंदाच्या खाली ठेवायचा, आणि ‘रोटेशनल करेक्शन’ चालू असेल तर यान स्थानकाबरोबर आपोआप फिरायला लागतं. ते बंद ठेवून एकदा उतरून पाहावं. फिरणारी चौकट (ज्याच्या तुलनेत हालचाल मोजायची तो संदर्भ) म्हणजे काय, हे दोन मिनिटांत अंगात भिनतं. नवशिक्याचं यान खाचेच्या कडेला घासतं ते बहुधा यामुळेच: नाक बरोबर असतं, पण यान स्वतःभोवती फिरत नसतं आणि खाच फिरत असते.

काटा का अडतो

आता बाहेर मोकळ्या जागेत. कोब्राचा साधा वेग २८० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, बूस्ट, म्हणजे इंजिनाचा क्षणभराचा जादा जोर, दिला की ४००. अडचण या मर्यादेहूनही खोल आहे. वेग नेहमी कशाच्या तरी संदर्भात असतो. स्थानक ग्रहाभोवती सेकंदाला काही किलोमीटर वेगाने फिरतंय, ग्रह ताऱ्याभोवती त्याहून जोरात. स्थानकासमोर तुमचा काटा शून्य दाखवतो तेव्हाही तुम्ही भन्नाट वेगात आहात. मग ४०० ची मर्यादा नक्की कोणाच्या तुलनेत? गेम गुपचूप जवळच्या वस्तूला ‘स्थिर’ मानतो. सारख्या वेगाने जाणाऱ्या सगळ्या चौकटी समान, हे गॅलिलिओचं तत्त्व इथे मोडतं. आइन्स्टाइनपर्यंत जायचीही गरज पडत नाही.

समर्थकांचं ठरलेलं उत्तर: उड्डाणाचा संगणकच वेग रोखून धरतो, सुरक्षेसाठी. ऐकायला बरं आहे. पण ‘फ्लाइट असिस्ट’ नावाची ही मदत एका बटणाने बंद करता येते. बंद केल्यावर यान खरोखर न्यूटनच्या वळणावर जातं. सरळ जाताना १८० अंशांत फिरा, शेपूट पुढे करून यान त्याच दिशेने सरकत राहतं आणि पाठलाग करणाऱ्यावर नेम धरता येतो. तरीही कमाल वेग तोच राहतो. म्हणजे संगणकाला दोष देऊन भागत नाही. ही थाप थेट गेमच्या पायात घातलेली आहे.

का घातली, त्याचं उत्तर याच मालिकेच्या इतिहासात आहे. पहिला ‘एलिट’ १९८४ साली बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकावर आला. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोघांनी तो लिहिला. त्यात यानं विमानांसारखीच उडायची. १९९३ च्या दुसऱ्या भागात मात्र खरा न्यूटन आला: इंजिन पेटवा, वेग वाढत राहील, थांबायचं तर तेवढंच उलट ढकला. कागदावर सुंदर. लढाईत पंचाईत झाली. दोन यानं परस्परांच्या तुलनेत सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगात असली की शत्रू ठिपक्याएवढा दिसतो, क्षणात बाजूने निघून जातो आणि मग दोघंही पुढची काही मिनिटं ब्रेक लावत बसतात. भाले घेऊन घोड्यांवरून एकमेकांवर धावून जायचं, एवढंच उरलं. लांबच्या प्रवासात कंटाळा येऊ नये म्हणून घड्याळ पळवायची सोय तिथे होती. २०१४ च्या गेममध्ये हजारो लोक एकाच आकाशात आहेत. एकाने घड्याळ पळवलं तर बाकीच्यांनी काय करायचं? ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार मोठी होते.

‘मग पूर्ण खरा गेम खेळा’ असं म्हणणारे कर्बल स्पेस प्रोग्राम या रॉकेट उडवायच्या गेमकडे बोट दाखवतात. त्यात चांद्रयान ३ सारखं कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवत जावं लागतं, योग्य बिंदूला इंजिन पेटवावं लागतं, आणि चुकलं की कोणी वाचवत नाही. पण तिथेही थाप आहेच. त्यातल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर आणि पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीएवढं. हे जुळवायचं तर ग्रहाची घनता पृथ्वीच्या दहापटीहून थोडी जास्त हवी, म्हणजे ऑस्मियम या अतिशय जड धातूच्या अडीचपट. असा ग्रह कुठल्याच ओळखीच्या पदार्थाचा बनू शकत नाही. फायदा हा की कक्षेत जायला खऱ्या पृथ्वीवर वाया जाणारा वेग धरून सुमारे ९.४ किलोमीटर प्रति सेकंद लागतात, तिथे ३.४ मध्ये काम होतं आणि शाळकरी पोरगंही शनिवारच्या दुपारी रॉकेट वर नेतं. थाप तिथे एका जागी, ग्रहाच्या घनतेत, गाडून ठेवली आहे. बाकी सगळा हिशेब मग प्रामाणिक राहतो. थाप ठेवायची ही उत्तम पद्धत.

एका बूस्टची किंमत

‘एलिट’वर सगळ्यात वर्मी लागणारी टीका वेगमर्यादेची नाहीच. ती ऊर्जेची आहे. गेम आकडे उघडपणे दाखवतो, म्हणून ती करता येते.

२५० टन वजन, शून्यापासून ४०० मीटर प्रति सेकंद, समजा ५ सेकंदांत. त्वरण होतं ८० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे सुमारे ८ जी, पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या आठपट. लढाऊ वैमानिक दाबाचा सूट घालून ९ जी पर्यंत सोसतात, तेव्हा पायलट वाचेल. गतिज ऊर्जा होते २० अब्ज ज्यूल. पाच सेकंदांत ती द्यायची तर शक्ती लागते ४,००० मेगावॉट. कोयना जलविद्युत प्रकल्पाची सगळी स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे, म्हणजे दोन कोयना लागल्या. आणि कोब्रात बसणारा सर्वांत तगडा पॉवर प्लांट किती देतो? १५.६ मेगावॉट. फरक अडीचशे पटींचा.

कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज वापरली असेल, असं कोणीतरी म्हणतंच. त्या कपॅसिटरची क्षमताही गेम सांगतो आणि ती मेगाज्यूलमध्ये आहे. लागतात २०,००० मेगाज्यूल. विषय संपला.

दुसरी वाट: वीज नकोच, इंधनच जाळून मागे फेकू, साध्या रॉकेटसारखं. आज वापरात असलेल्या द्रव हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनातून वायू सेकंदाला सुमारे ४.४ किलोमीटरने बाहेर पडतो. त्सिओल्कोव्स्कीच्या १९०३ च्या रॉकेट-समीकरणात हे घातलं की एका बूस्टला साधारण २२ टन इंधन लागतं. टाकी १६ टनांची. पहिल्याच बूस्टला टाकी कोरडी, वर सहा टनांची उधारी.

मग वायू जास्त वेगाने फेकू, म्हणजे इंधन कमी लागेल? लागेल की. समजा एका बूस्टला फक्त ५० किलो खर्च करायचे. तर वायू सेकंदाला २,००० किलोमीटर वेगाने बाहेर पडायला हवा. इंधन वाचलं, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. आता पाच सेकंदांसाठी २० लाख कोटी वॉट लागतात. अख्खी मानवजात आज सगळी मिळून ऊर्जा वापरते तिचा दर जवळपास एवढाच आहे. ही खरी गोम आहे आणि रॉकेटांवरच्या प्रत्येक वादात ती लागू पडते: इंधन वाचवायला गेलात तर ऊर्जा मारते, ऊर्जा वाचवायला गेलात तर इंधन. दोन्ही वाचवणारं इंजिन कोणी सांगितलं तर थाप तिथेच आहे, आणखी शोधायला नको. शिवाय असल्या झोताच्या मागे स्थानक आलं तर स्थानक उरणार नाही. बंदुका कशाला हव्यात मग?

उष्णता

इथे मात्र गेमला शाबासकी द्यायला हवी. यानात उष्णतेचा काटा आहे, १०० टक्क्यांच्या वर गेला की यंत्रं खराब होऊ लागतात. बहुतेक विज्ञानकथा हे विसरतात. अवकाश थंड आहे, मग यान तापेल कसं, असा प्रश्न हमखास येतो. पण थर्मासमधला चहा गरम राहतो त्याच कारणाने यान तापतं. भोवती काही नाही, त्यामुळे उष्णता न्यायलाही कोणी नाही. फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, ती बाहेर जाते.

३०० केल्विनचा, म्हणजे खोलीच्या तापमानाचा, एक चौरस मीटर पत्रा फार तर ४६० वॉट बाहेर टाकतो. कोब्राचे १५.६ मेगावॉट असे घालवायचे तर सुमारे ३४,००० चौरस मीटर पत्रा लागेल. साडेआठ एकर. तोच पत्रा १,००० केल्विनला लालबुंद केला तर प्रति चौरस मीटर जवळपास ५७ किलोवॉट जातात आणि २७५ चौरस मीटर पुरतात. कोब्राच्या पाठीवर एवढी जागा आहे! तापल्यावर यानाची झाकणं उघडून आतले भाग चमकताना दिसतात, ते म्हणूनच पटतं. हीट सिंक नावाचा तापलेला ठोकळा बाहेर फेकायची युक्तीही बरोबर आहे: वस्तुमान टाका, उष्णता त्याच्याबरोबर जाईल. तुलनेसाठी, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची अमोनियावर चालणारी मुख्य शीतन यंत्रणा ७० किलोवॉट बाहेर टाकू शकते.

अर्थात हे पॉवर प्लांटपुरतं. बूस्टच्या दोन कोयनांपैकी एक टक्का जरी उष्णतेच्या रूपात यानात राहिला तरी हे गणित कोलमडतं.

सुपरक्रूझ: सात सेकंदांचा नियम

ग्रहाहून ग्रहावर जायला फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह लागतो. तो चालू केला की यान ‘सुपरक्रूझ’मध्ये जातं: कमीत कमी ३० किलोमीटर प्रति सेकंद, जास्तीत जास्त प्रकाशाच्या २,००१ पट. वस्तूंच्या जवळ वेग आपोआप घटतो, मोकळ्या जागेत वाढतो.

या मर्यादेची चुणूक बघायची तर अल्फा सेंटॉरी संस्थेतल्या हटन ऑर्बिटल स्थानकाला जायचं. मुख्य ताऱ्यापासून ते ०.२२ प्रकाशवर्षांवर आहे. ते याच संस्थेतल्या प्रॉक्सिमा या छोट्या, मंद ताऱ्यापाशी (तांबड्या बटूपाशी) आहे, आणि प्रॉक्सिमा खऱ्या आकाशातही मुख्य जोडताऱ्यापासून सुमारे तेवढाच लांब आहे. पूर्ण २,००१ पट वेगाने ५८ मिनिटं, पण तो वेग गाठण्यात आणि उतरवण्यात बराच वेळ जातो, त्यामुळे तासाहून पुष्कळ जास्त. नवख्याला ‘तिथे यान फुकट मिळतं’ असं सांगून पाठवायची खेळाडूंची जुनी खोड आहे. मिळत नाही.

पोहोचताना काय चुकतं, हे नीट पाहू. पडद्यावर उरलेला वेळ दिसतो. तो सात सेकंदांवर आला की थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, ७५ टक्क्यांवर, निळ्या पट्ट्यात आणायचा आणि सोडून द्यायचं. वेळ सातावरच टिकतो, अंतर कमी होत राहतं. अंतर १,००० किलोमीटरच्या आत आणि वेगही सेकंदाला १,००० किलोमीटरच्या खाली आला की बाहेर पडायचं. वेळ सहाच्या खाली गेला तर ब्रेक पुरत नाही, यान लक्ष्य ओलांडून पुढे जातं आणि वळसा घालून परत यावं लागतं. या वळशाला खेळाडूंनी ‘लूप ऑफ शेम’ असं नाव ठेवलंय.

सातच का टिकतो? वेग नेहमी ‘उरलेलं अंतर भागिले सात’ ठेवला तर अंतर दर सात सेकंदांनी आधीच्या ३७ टक्के होत जातं. एक प्रकाशसेकंद, म्हणजे ३ लाख किलोमीटर, एवढ्यापासून १,००० किलोमीटरपर्यंत यायला सुमारे ४० सेकंद. आणि असंच चालू ठेवलं तर यान लक्ष्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही, अंतर नुसतं लहान होत राहील. म्हणून शेवटचे १,००० किलोमीटर उरले की सुपरक्रूझमधून बाहेर पडायची सोय गेमने ठेवली आहे. गरम चहा खोलीच्या तापमानाकडे जातो, तो आलेख आणि हा आलेख एकच.

प्रकाशाहून वेगवान: थाप कुठे बसते

‘फ्रेम शिफ्ट’ या नावातच डेव्हलपरांनी इशारा दिलाय, असं बरेच फॅन्स मानतात. मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांतून एक उत्तर काढून दाखवलं: यानापुढचं अवकाश आक्रसायचं, मागचं फुगवायचं, यान मधल्या बुडबुड्यात शांत बसून राहील. सरकत्या पट्ट्यावर उभा माणूस पाय न हलवता पुढे जातो, तसं. बुडबुड्याच्या आत यान प्रकाशाला मागे टाकतच नाही, त्यामुळे नियमभंग होत नाही. आत धक्काही जाणवत नाही आणि यानातलं घड्याळ बाहेरच्याबरोबर चालतं.

सुपरक्रूझशी हे बेमालूम जुळतं. काही सेकंदांत प्रकाशाच्या कित्येक पट वेग घेऊनही पायलटच्या पाठीचा चुरा होत नाही, कारण त्याला त्वरणच जाणवत नाही. फॅन्सनी काढलेल्या स्पष्टीकरणांत हे सर्वांत सरस आहे, कारण एकाच थापेत तीन-चार गोष्टी बसतात.

व्याज मात्र जबर. बुडबुड्याला ऋण ऊर्जा लागते, म्हणजे ‘काहीच नाही’पेक्षाही कमी ऊर्जा असलेलं काहीतरी, आणि तेही ढिगाने. १९९७ मध्ये फेनिंग आणि फोर्ड यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसणाऱ्या विश्वाच्या वस्तुमानाहूनही जास्त लागेल असं निघालं. पुढे बुडबुड्याचा आकार बदलून इतरांनी आकडा पुष्कळ खाली आणला, पण ऋण हे चिन्ह काही गेलं नाही. दुसरी अडचण पायलटची: प्रकाशाच्या वर गेल्यावर आतून बुडबुड्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत कुठलाच संदेश पोहोचत नाही. म्हणजे थ्रॉटल ७५ टक्क्यांवर आणला तरी इंजिनाला ते कळणार नाही! तिसरी, सिडनी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये दाखवलेली: वाटेतले कण बुडबुड्याच्या तोंडाशी अडकतात आणि थांबताच प्रचंड ऊर्जेने पुढे सुटतात. स्थानकासमोर थांबणाऱ्या प्रत्येक यानाने ते स्थानक भाजून काढलं असतं.

घड्याळाचा घोळ

या वादाचा गाभा इथे आहे आणि बहुतेक चर्चा इथपर्यंत पोहोचतच नाहीत. प्रकाशाहून वेगवान जाण्यात ऊर्जा हा लहान प्रश्न आहे. मोठा प्रश्न हा, की आजचं उत्तर कालच मिळतं.

आकड्यांनी पाहू. एक यान पृथ्वीजवळून प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने गेलं, तेव्हा दोघांनी घड्याळं शून्यावर लावली. १० वर्षांनी ते ८ प्रकाशवर्षांवर आहे. पृथ्वी तत्क्षणी पोहोचणारा संदेश पाठवते. या वेगाला घड्याळ १.६७ पट हळू चालतं, म्हणून संदेश मिळतो तेव्हा यानातलं घड्याळ ६ वर्षं दाखवतं. यान लगेच, तसंच तत्क्षणी पोहोचणारं उत्तर पाठवतं. पण ‘याच क्षणी’ म्हणजे कोणत्या क्षणी? यानाच्या दृष्टीने पृथ्वीच चाललीय, पृथ्वीचं घड्याळ हळू. यानाची ६ वर्षं झाली तेव्हा त्याच्या हिशेबाने पृथ्वीवर ३.६ वर्षं झालीत. उत्तर पृथ्वीला ३.६ व्या वर्षी मिळतं. प्रश्न १० व्या वर्षी विचारला होता. ‘संदेश पाठवू नका’ असं उत्तर आलं तर?

सुटका एकच: ‘याच क्षणी’ कोणाचा, हे विश्वाने एकदाच ठरवून द्यायचं. एक चौकट खास, एक घड्याळ सगळ्यांचं. मग उत्तर १० व्या वर्षीच पोहोचतं, काळ उलटा फिरत नाही. पण सगळ्या चौकटी समान, ही सापेक्षतेची अट मोडते. प्रकाशाहून वेगवान प्रवास, सापेक्षता आणि कारणानंतर परिणाम, या तिघांपैकी दोघांनाच घरात घेता येतं.

आता मघाची गोष्ट आठवा. हजारो खेळाडू, एक सर्व्हर, घड्याळ पळवता येत नाही. ‘एलिट’मधलं आकाशगंगेचं घड्याळ म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, वर्षात १२८६ मिळवून. कोणी कितीही पळो, कोणाचंच घड्याळ मागे पडत नाही. गेमच्या विश्वात खास चौकट आहे आणि ती सर्व्हरच्या खोलीत ठेवलेली आहे. तांत्रिक गरजेपोटी डेव्हलपरांनी जे केलं, नेमकं तेच भौतिकशास्त्राने या थापेसाठी मागितलं असतं. आणि एकदा खास चौकट मान्य केली की ४०० च्या वेगमर्यादेवरचा आक्षेपही ढिला पडतो: कशाच्या तुलनेत, याला निदान उत्तर द्यायची सोय होते.

उडी आणि टाकी

ताऱ्याहून ताऱ्यावर सुपरक्रूझने जाता येत नाही. ४.३७ प्रकाशवर्षांवरच्या अल्फा सेंटॉरीला कमाल वेगानेही १९ तास लागले असते. म्हणून दुसरी थाप, हायपरस्पेस उडी. तिला भौतिकशास्त्राचा काडीचा आधार नाही, पण तिचा स्वतःचा नियम गेम काटेकोरपणे पाळतो. इंधन अंतराच्या साध्या प्रमाणात लागत नाही, घाताने वाढतं. कोब्रातल्या चौथ्या आकाराच्या, ए दर्जाच्या (गेममध्ये भागांचे दर्जे ए ते ई, ए सर्वांत वरचा) मूळ ड्राइव्हसाठी तो घात २.३ आहे. २५० टन वजनाला २० प्रकाशवर्षांची एक उडी सुमारे २.१ टन खाते. तेच अंतर १०-१० च्या दोन उड्यांत केलं तर दोन्ही मिळून पाऊण टनाहून थोडं जास्त. नकाशात ‘इकॉनॉमिकल’ मार्ग निवडल्यावर उड्यांची संख्या भरमसाट का होते, त्याचं कारण हे. आणि एका उडीत ३ टनांहून जास्त जाळता येत नाही, म्हणून या वजनाला पल्ला २३ प्रकाशवर्षांवर थांबतो. माल उतरवा, पल्ला वाढतो.

टाकी ताऱ्यावरच भरायची. त्यासाठी तारा के, जी, बी, एफ, ओ, ए किंवा एम वर्गाचा हवा (ताऱ्यांचे हे वर्ग तापमानावरून ठरतात). ए दर्जाचा चौथ्या आकाराचा स्कूप, म्हणजे ताऱ्याजवळून जाताना इंधन ओढणारं यंत्र, कमाल ३४२ किलो प्रति सेकंद ओढतो, १६ टन पाऊण मिनिटात. कसं? सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे बाहेरच्या विरळ वातावरणात, तळाशीसुद्धा, एका घनमीटरमध्ये सुमारे १० चा १५ वा घात इतके कण असतात. वजनात हे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या आसपास. ३० किलोमीटर प्रति सेकंद वेगाने जाताना ३४२ किलो गोळा करायचे तर स्कूपचं तोंड ६,८०० चौरस किलोमीटर हवं. जवळपास रायगड जिल्ह्याएवढं. प्रकाशाच्या वेगाने गेलात तर ८०० मीटर बाजूचा चौकोन पुरतो. रॉबर्ट बुसार्ड यांनी १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राची अशी अदृश्य झोळी सुचवली होती. फॅन्स तिचाच आधार घेतात आणि हा आधार बरा आहे. पण मग तपकिरी बटूंवर, म्हणजे तारा होता होता राहिलेल्या गोळ्यांवर, स्कूप का चालत नाही? तिथे हायड्रोजन भरपूर आहे, तापही कमी. एल, टी, वाय वर्गांच्या या बटूंपाशी टाकी रिकामीच राहते, आणि यावर गेमच्या वकिलांकडे सहसा खांदे उडवण्यापलीकडे काही नसतं.

अशा बटूंच्या सलग रांगेत शिरलेला पायलट हमखास अडकतो. नकाशात ताऱ्यांच्या वर्गाची चाळणी न लावता लांबचा मार्ग आखला की हे होतंच. इंधन संपल्यावर प्राणवायूची उलटी गणती सुरू होते: साध्या ई दर्जाच्या यंत्रणेत ५ मिनिटं, ए दर्जाच्या यंत्रणेत २५. खेळाडूंनीच २०१५ मध्ये उभी केलेली फ्यूएल रॅट्स ही मंडळी अशा वेळी इंधन घेऊन येतात, कधी हजारो प्रकाशवर्षं तुडवत. त्यांची पहिली सूचना मात्र भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. उलटी गणती दिसत असेल तर आधी गेममधून बाहेर पडून मेन मेनूत जा, मग मदत मागा. सर्व्हरचं घड्याळ कोणासाठी थांबत नाही, पण तुमच्या नळीतला प्राणवायू मेनूत संपत नाही.